डावं शिंग

परीक्षकांचा हात डाव्या शिंगाला लागला आणि बकुळीनं अशी मान झटकली की त्यांची टोपी उडून रिंगणातल्या शेणात पडली.

लोक हसले. परीक्षक हसले नाहीत. कस्तुरीच्या हातातला कासरा कचकन ताणला गेला, पण तिनं तो सोडला नाही. सहावीतली पोर. मेळ्यात जनावर दाखवायची तिची ही पहिलीच खेप. बनशंकरीहून टेम्पो निघाल्यापासून ती मनाशी घोकत होती, कासरा आखूड धरायचा, जनावराच्या डोक्याशी उभं राहायचं, परीक्षकांकडे हसून बघायचं. आता तिची नजर जमिनीवरून उठेना.

"मारकी आहे का ही?" परीक्षकांनी टोपी झटकत विचारलं आणि ते पुन्हा त्या शिंगाकडे वाकले.

कस्तुरीचा बाप नागनाथ दोरीखालून घुसून मध्येच येऊन उभा राहिला. "हो सर. स्वल्प मारकीच आहे. नेतो बाहेर."

लगेच माईकवरून पुकारा झाला, खिलार कालवड बकुळी, मारकी असल्यामुळे बाद.

बकुळी आणि मारकी! नागनाथच्या गोठ्यातल्या बाकीच्या गाया दुधाच्या, धंद्याच्या. ही एकटी हौसेची. चिकोडीहून मेव्हण्यानं दिलेली, पांढरीशुभ्र, आणि स्वभावानं अगदीच भोळसट. गल्लीतली शेंबडी पोरं तिच्या गळ्याला लोंबकळायची, तिच्या पाठीवर दप्तरं ठेवायची. ती फार तर कान हलवायची.

खरं काय ते कस्तुरीला ठाऊक होतं. परवा दुपारी अप्पा दूध घालायला गेलेला असताना तिनं स्वतःच बकुळीची शिंगं साळायला, काचेनं तासून गुळगुळीत करायला घेतली. साळायची काच कशी धरायची ते अप्पानंच शिकवलं होतं. बुडाकडे जायचं नाही, तिथं शिंग जिवंत असतं, हेही त्यानं बजावलं होतं. पण उजवं शिंग इतकं गुळगुळीत निघालं की बाईसाहेबांना चेव आला. डाव्याच्या बुडाशी काच खोल रुतली. बकुळी पायापासून थरथरली. रक्ताची धार कानापर्यंत आली. कस्तुरीनं हळद दाबली, काच गटारात टाकली आणि तोंड शिवून बसली. सांगितलं असतं तर मेळा बुडाला असता. आज पहाटे निघायच्या आधी अप्पानं दोन्ही शिंगांना लाल रंग दिला आणि तो काही बोलला नाही. सुटले बाई, असं तिला वाटलं होतं.

मांडवात त्यांनी बकुळीला खुंट्याला बांधलं, तोवर मागून शिवकुमार आला. हा त्यांच्याच गल्लीतला, रोज दूध नेणारा. कस्तुरीचं कौतुक बघायला पोरांना घेऊन मुद्दाम आलेला. पोरांना त्यानं लांबच, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभं केलं होतं.

"नागनाथण्णा, राग मानू नका," तो म्हणाला. "पण तुम्हीच सगळ्यांसमोर मारकी म्हणालात. आमची पोरं दिवसभर हिच्या अंगाखांद्यावर असतात. उद्या कुणाचा डोळा गेला तर? असलं जनावर गल्लीत नको, अण्णा."

नागनाथनं मान खाली घालून कासऱ्याची गाठ पुन्हा आवळली.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "मेव्हणा आलाय मेळ्याला. त्याच्याच गाडीत घालून देतो. आजच."

 कस्तुरीसाठी चिकोडी म्हणजे सुट्टीत जायचं गाव. तिथं बकुळी कायमची जाणार, आणि तीही मारकी हे नाव घेऊन.

नागनाथनं तिच्या हातात मिरचीबजीचा कागद दिला. "खा. तुझं काही चुकलं नाही. कासरा झकास धरला होतास."

तिनं एक घास घेतला. बकुळीनं मान लांब केली आणि ती कस्तुरीचा रिकामा हात चाटायला लागली. नेमका तोच हात, काच धरलेला. कस्तुरीला लाजेनं मेल्यासारखं झालं. या मुक्या जनावराला बोलता आलं असतं तर तिनं कधीच सांगून टाकलं असतं. आणि बोलता येणाऱ्या आपण बजी खात उभ्या आहोत.

"अप्पा, ती मारकी नाही!" ती एकदम ओरडली. "शिंग मी साळलं. तुम्ही नसताना. बुडाशी काच लागली, खूप रक्त आलं. तिला दुखलं म्हणून तिनं मान झटकली. तिला नका पाठवू. मला काय ते मारा."

शिवकुमार नागनाथकडे बघायला लागला. कस्तुरीनं डोळे मिटून गाल पुढे केला.

थप्पड आली नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा अप्पा बकुळीच्या पायाशी खाली बसला होता.

"गाय कुठं जात नाही, अण्णा," तो शिवकुमारला म्हणाला. "पोरांना बोलवा हवं तर. मारकी नाही ती, मी खोटं बोललो. परीक्षकांनी शिंग नीट बघितलं असतं तर जनावराला इजा केली म्हणून माईकवर हिचं नाव आलं असतं. माझ्या पोरीचं. पहिल्याच मेळ्यात."

कस्तुरीला काही सुधरेना. "चुकलं माझं, अप्पा," ती रडत म्हणाली.

"तुझा हात घसरला, पोरी," नागनाथ म्हणाला. "मी जखम बघून वर रंग लावला."