पुलावरची माती

महामार्गावरून जनावरांना जाता यावं म्हणून बांधलेल्या पुलाचा तो राखणदार होता. संध्याकाळी पुलावरची मऊ माती दाताळ्याने सारखी करायची, चौकीत झोपायचं आणि सकाळी मातीतले ठसे वहीत टिपायचे, एवढंच काम.

त्या सकाळी मातीत एका बाईची अनवाणी पावलं होती, जंगलाकडे गेलेली. डावा पाय ओढलेला. ती चाल त्याला पाठ होती. त्याने जिन्यावरून ढकलल्यापासून बायको तशीच चाले. परतीचं पाऊल एकही नव्हतं.

जंगलातून एक हरीण मात्र वस्तीकडे आलं होतं. तेही परतलेलं नव्हतं.

"गेली तर गेली, ब्याद टळली," असं पुटपुटत त्याने पावलांवरून दाताळं फिरवलं आणि वहीत लिहिलं, हरीण, एक.

घरी आला तर बायको स्वयंपाकघरात पाठमोरी बसलेली.

"रात्री कुठे उलथली होतीस?"

"या पायाने मी कुठे जाणार? बसा, पाणी आणते."

ती उठली. पाय अनवाणी होते, तरी फरशीवर टक टक वाजत होते. डावा पाय जराही ओढला जात नव्हता. पाण्याच्या माठावरून ती सरळ पुढे दाराशी गेली आणि तिने आतून कडी लावली.