भिंतीला भिंत

"ह्यो कोपरा घ्या, सटवाभाऊ. पंपाला लागून हाय, गाडी थांबणार म्हणजे थांबणार," विजयसिंह म्हणाला. बायपासच्या कडेची सगळी जमीन त्याची.

सटवानं मान हलवली. "न्हाई. मला ती जागा पाहिजे." बोट दाखवलं ते परमेश्वरच्या हॉटेलाला खेटून असलेल्या मोकळ्या तुकड्याकडं.

विजयसिंहानं कपाळाला हात लावला. हॉटेलांची एवढी रांग लागलेली, आणि ज्याच्याशी उभा दावा त्याच्याच उशाला जाऊन बसायचं?

दावा उभ्या बीडला ठाऊक होता. जुन्या स्टँडसमोर या दोघांची हॉटेलं भिंतीला भिंत लावून होती. सकाळी शटर वर गेलं की तोंडं सुरू. "त्याचा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी!" इकडून. "ह्याच्या भज्यात कांदा हुडकून दाखवा!" तिकडून. गिऱ्हाईक मधे उभं राहून मजा बघायचं. मात्र एकाचं दूध नासलं, की दुसऱ्याचं पातेलं मागच्या दारानं गुपचूप यायचं. त्याबद्दल दोघंही चकार शब्द काढायचे नाहीत.

मग गाड्या बायपासनं पळायला लागल्या आणि हॉटेलं त्यांच्या मागं निघाली. पहिला गेला परमेश्वर. "पीडा टळली!" म्हणत सटवानं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवताना त्यानं सवयीनं एक शिवी हासडली, आणि पलीकडून उत्तरच आलं नाही. मेली ती शांतता! चहा तोच, भजी तीच, पण कशात म्हणून जीव रमेना. बायको सारजाबाई म्हणाली, "धंदा बसला म्हणून झुरताय व्हय?" तो हो म्हणाला. खरं कोणत्या तोंडानं सांगणार?

"कावून पण तिथंच?" विजयसिंहानं विचारलं. "गिऱ्हाईक निम्मं वाटून जाईल की."

"जाऊ द्या." सटवा म्हणाला. "लई दिवस झाले, मला करमतच न्हाई. गिऱ्हाईक नसलं तरी चालंल, शेजार पाहिजे."

विजयसिंह म्हणाला, "पण ती जागा गेलेली हाय, भाऊ."

सटवानं विचारलं, "कुणाला?"

"परमेश्वरला. हॉटेल टाकलं त्याच दिवशी आडवून ठिवली. मी म्हणलं, बांध की कायतरी. तर म्हणतो, सटवा आला की त्योच बांधील."