एक तार, दोन सेटिंग्ज

अंडी नऊशे बारा, दिवस अठरावा. लॅपटॉप एक, नेटवर्कची तार एक, तारेची सेटिंग्ज दोन: ‘ऑफिस’ आणि ‘मशीन’. उबवणीच्या मशीनमध्ये काचेआडचा पारा सदतीस पूर्णांक पाचवर असायला हवा होता. तो पस्तीसवर होता आणि उतरत होता.

वीज जाऊन आली तेव्हापासून हीटर बंद होता. मशीनची बटणं कधीच निकामी झाली होती. हीटर सुरू करायचा तर मशीनच्या मागे तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरूनच.

सुनेने लॅपटॉपच्या लिनक्स सिस्टीममधल्या सेटिंग्जच्या यादीतून ‘मशीन’ निवडलं. मशीनचं पान अर्धं उघडलं आणि अडकलं. कोपऱ्यात पुन्हा ‘ऑफिस’ आलं होतं.

“चौतीसच्या खाली गेलं की संपलं,” मशीनमागून सासरे म्हणाले. “अठरा दिवस पाण्यात.”

“माहीत आहे, बाबा.”

तिने परत ‘मशीन’ निवडलं. बावीस सेकंदांनी परत ‘ऑफिस’. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता तपासला, बरोबर होता. तिसऱ्यांदा निवडून तिने पडद्यावरची नजर काढली आणि कान दिला.

टक्. फूऽऽ. टक्.

“बाबा, मागे काय चाललंय?”

“काही नाही गं. तार काढून पिनेवर फुंकर मारतोय. आपला जुना रेडिओ असाच वठणीवर यायचा.”

“तार निघाली की लॅपटॉप आपणहून ‘ऑफिस’वर जातो! मी जोडतेय आणि तुम्ही तोडताय.” तिचा आवाज चढला. “हात काढा तिथून.”

“माझ्याच मशीनवरून?”

“हो.”

सासरे पुढे आले. एकमेकांकडे कुणीच बघितलं नाही.

“मला इथून पारा दिसत नाही,” ती हळू म्हणाली. “आकडा तुम्ही सांगा.”

ते काचेला नाक लावून उभे राहिले. “चौतीस पूर्णांक दोन.”

तिने ‘मशीन’ निवडलं. तीस सेकंद मोजले. पान पूर्ण उघडलं. तिने हीटरचा चौकोन दाबला. आत काहीतरी खट्ट वाजलं.

“चौतीस पूर्णांक एक.”

ती पडद्यावरच्या चौकोनाकडे बघत राहिली.

“पूर्णांक एकच.” बराच वेळ गेला. “अजून एकच.”

सासऱ्यांनी एका हाताने दुसरा हात पाठीमागे घट्ट धरून ठेवला होता.

“चौतीस पूर्णांक दोन,” ते म्हणाले.