गळती हुंगणारी

बंदरातला डिझेलचा धूर गेला म्हणून तुम्ही बंदर चालवणाऱ्यांनी फटाके वाजवलेत, पण जहाजांत डिझेलऐवजी अमोनियाचं इंधन भरताना गळती हुंगायला कोळणी उभ्या केल्यात, हे एकाही भाषणात सांगितलं नाहीत. खाऱ्या हवेत गळती ओळखणारी यंत्रं महिन्याभरात सडत होती. कोळणीचं नाक सडत नाही, असं तुम्हीच ठरवलंत.

त्यातलीच एक धुरपदा. सहा वर्षं ती नळाच्या सांध्याशी उभी राहायची आणि वास आला की शिट्टी फुंकायची. त्या सकाळी जाऊबाईने पापलेट आणलं. धुरपदाने सवयीने कल्ला उचलून हुंगला आणि म्हणाली, "ताजं हाय."

"ताजं? अगो, मांजर पन तोंड लावनार नाय याला! नाक काय बंदरावर ठेवून आलीस?"

धुरपदाने पुन्हा हुंगलं. काहीच आलं नाही. कालच्या पाळीतही तिला कसलाच वास आला नव्हता आणि गळती नाही असं समजून ती निर्धास्त उभी होती. खाली जहाजात चाळीस माणसं काम करत होती.

ती तशीच बंदरावरच्या साहेबाकडे गेली. "सायब, माजा नाक गेला. दुसरी बाई उभी करा."

साहेबाने मान वर केली नाही. "तुझ्या नाकाच्या तपासणीत मार्चमध्येच कळलंय आम्हाला. गळती झाली तर खोकशील ना? ते कॅमेऱ्यात दिसेल. तेवढं पुरे."

"मंजे मी पडल्यावर तुमाला कलनार? नि खालच्या चालीस मानसांना कोन सांगनार? बोला सायब, कोन?"