कोपऱ्यातला डाग

“फोटो ठेव बाजूला. खोटे फोटो काय, हल्ली आमच्या घरची स्मार्ट भिंतसुद्धा बनवते,” तपासनीस बाई म्हणाल्या. किनाऱ्यावरच्या सुरूवर समुद्री गरुडाचं घरटं आहे हे त्यांना आज पटलं नाही, तर उद्या ते झाड तोडणार होते.

उर्वीने हाताने रंगवलेलं चित्र पुढे केलं, पण कोपरा अंगठ्याने झाकून.

“हे घरी बसूनही काढता येतं. आणि अंगठा काढ गं!”

“बाई, झाडाखाली रंगवत बसले होते, तर वरून कुणीतरी शिटलं. आई म्हणाली घासून काढ, मी विसरलेच!”

बाईंनी डाग कुठल्या प्राण्याचा ते ओळखणारं यंत्र त्यावर धरलं आणि त्या हसल्या. “गरुडाच्या पिल्लाची शीट आहे! अजून उडतही नाही ते. म्हणजे घरटं आहेच. झाड राहील.”

उर्वी धूम पळत सुरूखाली पोचली. “राजा,” ती वर बघून ओरडली, “उद्या नवा कागद आणते, हवी तिथे शी कर!”