पाचवा जोड

ओस्नेनं स्कीच्या तिसऱ्या जोडाचं जुनं मेण खरवडून नवं लावलं आणि चौथा जोड उलटा करून लाकडी घोडीवर घेतला. पहाटेचे पाच वाजले होते. एप्रिल असल्यानं बाहेर उजाडलं होतं. तिचा दीर हालस्टाइन दारात उभा होता. तिनं आत ये म्हटलं नव्हतं, तोही उंबरा ओलांडत नव्हता.

आदल्या दिवशी सुन्मोरच्या डोंगरात, वितळत्या बर्फातून एका जाकिटाची निळी बाही वर आली होती. ओस्नेचा नवरा ओद्वार जानेवारीत तिथंच हिमलोटाखाली गाडला गेला होता. बचाव पथकाचा प्रमुख हालस्टाइन. चौथ्या दिवशी शोध थांबवला तो त्यानंच. "सख्ख्या भावाला टाकून आलास," असं ती तेव्हा चारचौघांत म्हणाली होती. त्यानंतर आज तो पहिल्यांदा आला होता, वर जायच्या चार जोडांना मेण लावून घ्यायला. वसंतातल्या बर्फासाठी स्की तयार कराव्यात तर ओस्नेनंच, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"वर कसंय?" तिनं विचारलं.

"आत्ता काचेसारखं. दहाला बर्फाची लापशी होणार. त्याआधी खाली यायला हवं."

डिंकासारख्या चिकट मेणाची नळी तिनं काखेत धरून मऊ केली होती. चढताना मागं घसरू नये म्हणून पायाखाली येईल तेवढ्या भागावर तिनं आडव्या रेघा ओढल्या आणि अंगठ्यानं पसरल्या. चौथा जोड भिंतीला लावला. मग खुंटीवरून पाचवा काढला. तो तिचा स्वतःचा होता.

"वहिनी, तू नको येऊस."

ती मेण लावत राहिली.

"तीन महिने झालेत गं. त्याचा चेहरा आता..."

"चेहरा मला माहितीय."

"चेहऱ्याचं सोड. उतार अजून भरवशाचा नाही. चौघंच जातोय, तेसुद्धा लांब लांब अंतर ठेवून. आणखी कुणाला शोधायला लागलं तर माझ्याच्यानं व्हायचं नाही."

ओस्नेचा अंगठा थांबला. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी पांढरी झाली होती. जानेवारीत नव्हती.

"त्या दिवशी शोध थांबवून तू सगळ्यांना खाली आणलंस, त्यानंतर बर्फाचा कडा पुन्हा कोसळला ना?"

"हो."

"किती वेळानं?"

"चाळीस मिनिटांनी."

"त्याआधी वर किती जण होते?"

"सतरा."

हे सगळं गावाला माहीत होतं. तिनंच कधी विचारलं नव्हतं.

तिनं फडक्यावर रॉकेल ओतलं आणि आपल्या स्कीवरचं मेण पुसायला घेतलं. चिकट मेण लवकर निघत नाही. दोन्ही स्की कोरड्या होईपर्यंत ती पुसत राहिली. तिनं जोड पुन्हा खुंटीला लावला.

"घसरगाडी कुठंय?"

"अंगणात. तिला कशाला मेण? वर नेताना रिकामीच ओढायचीय, हलकी जाते."

ओस्नेनं मेण वितळवायची इस्त्री तापत ठेवली आणि ती ओल्या बर्फावर घसरायचं मेण शोधायला लागली.

"आत आण तिला," ती म्हणाली. "येताना तिच्यावर ब्याऐंशी किलो असतील."