पिवळी वायर

इजिप्तमधल्या तांता शहराच्या बाजारात, शौकीच्या टीव्ही-वायरींच्या दुकानात एका गायक शेखसाहेबांचं भक्तिगान लागलं होतं. हजला जाऊन आलेली हाज्जा नफीसा म्हणाली, "माझ्याकडं उरुसाच्या रात्रीची डीव्हीडी आहे रे. घरच्या पिवळ्या वायरीनं टीव्हीवर चेहरे पुसट येतात. ती जाड एचडीएमआय दे."

"गाणंच ऐकायचं तर पिवळी पुरते, हाज्जा. जुनी झाली असेल, नवी देतो."

"गाणं कुठलं ऐकतेय मी? माझा मुलगा हिल्मी त्याच रात्री हरवला. डीव्हीडीत सगळे तल्लीन होऊन डोलताहेत, आणि कुणीतरी खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर नेतंय. नेणाऱ्याच्या हातातली हिरव्या खड्याची अंगठी तेवढी दिसते."

शौकीनं उजवा हात खिशात घातला. "जुन्या डीव्हीडीला जाड वायरीनं काही फरक पडत नाही," असं म्हणत त्यानं पिवळी वायर पिशवीत टाकून पुढं केली.

हाज्जानं पिशवी घेतली नाही. तिची नजर त्याच्या खिशाकडं गेली.

"तुझ्या बापाच्या वेळेपासून येतेय मी या दुकानात," ती हळू म्हणाली. "डाव्या हातानं वस्तू कधी दिली नाहीस, शौकी. उजव्याला काय झालं?"